आमच्या मोतीचा सोमवार

लातूर नवाच जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. शेजारचा एकजण अंगणात कोंबड्या कापायचा. पिसं काढायला गरम पाणी कुठलं? म्हणून कातडंच सोलून कुत्र्यांना कच्चं टाकायचा. पाय मात्र हातानं भरवायचा. एकदा त्या घोळक्यात आमचाच मोती दिसला! आम्ही लिंगायत, मोती दूधभाकरीवर वाढलाय असं मी गल्लीभर मिरवलेलं. आईला कळलं तर कुत्रा घराबाहेर. मी हात जोडले, "घरी सांगू नका."

सुरी धोतराला पुसत तो म्हणाला, "भिऊ नका, सावकार. सोमवारी म्या त्याला तुकडा देत न्हाई. तुमचा धरम राखून राहिलो."

दर सोमवारी आम्हा सगळ्यांचा उपास असायचा आणि एरवी भाकरी नुसती हुंगणारा मोती एकटा भाकरीवर तुटून पडायचा. आई हळहळायची, "कुत्रं लई गुणाचं हाय, पण सोमवार तेवढा पाळत न्हाई."