ऑइलखालच्या तारा

जळक्या ऑइलचा वास आला की मला पळसदेवची आमची विहीर आठवते. तिच्यातला दगड उपसायला चुलत्यांनी स्वतःची क्रेन लावली होती, आणि दसऱ्याच्या पूजेला तिचा तारेचा दोर काळ्या ऑइलनं माखून माझ्या टकलापेक्षा चकचकीत केला होता. दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरलेले माझे दाजी क्रेनच्या बादलीत उभे राहून वर येऊ लागले, तसा दोर करकरला. "आबा, दोर वाजतोय की," मी म्हणालो. "तुझंच पोट वाजत असंल," चुलते म्हणाले, आणि मीही हसलो. तेवढ्यात दोर तुटला. त्यातल्या कितीतरी तारा आधीच तुटलेल्या होत्या, पण ऑइलखाली त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या. दाजी जगले, पण त्यांचे पाय गेले. आता चुलते रोज सकाळी नव्या दोरावरून कोरडं फडकं फिरवतात. तार तुटलेली असली की फडकं अडकतं. दाजी खाटेवरून विचारतात, "अडकलं का, आबा?" चुलते "न्हाय" म्हणतात, आणि पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागतात.