कावीळ शोधणारा डॉक्टर

दर रविवारी तो मुंबईच्या इस्पितळातून आमच्या कोळीवाड्यात, पाचूबंदरला येई. आमच्याकडे तान्ह्या मुलांचं यकृत सुजे, डोळे पिवळे होत आणि मुलं दगावत. त्याचं कारण तो शोधत होता. मुलाच्या पोटाला हात लावण्याआधी तळवे घासून ऊन करी. आयांनी औषध मागितलं की म्हणे, "अजून नाही सापडलं." मला संताप येई. स्वराज्य आलं तरी मुलं मरतच होती, आणि याला धीराचा एक खोटा शब्दही बोलवत नव्हता.

शेजारच्या कोळणीची मुलगी गेली, त्या सकाळी त्याने त्यांच्या दारात उभं राहून मुलीच्या यकृताचा लहानसा तुकडा मागितला. "तपासला तर काही कळेल. कळेलच असं नाही."

मी त्याला हाकलणार, तोच मुलीची आई म्हणाली, "न्या डाक्तर. पन ती एकटी कधी निजली नाय."

"माझ्या टेबलावर ठेवीन. दिवसभर मी तिथेच असतो."

आता तो येत नाही. रविवार आला की ती कोळीण मला विचारते, "तिच्यापाशी असंल ना तो?"

मी हो म्हणतो. न घडणारं काही तो कधी बोलला नव्हता.