माझ्या अंगात कोणी आलं नव्हतं

"हो बाजूला. हात बघ कसे थरथरायलेत. दारू पिलीस, का अंगात आलंय?"

शाळा समितीच्या अध्यक्षांनी माझ्या हातातली वरणाची पळी ओढून घेतली आणि असं विचारलं. समोर शंभरेक पोरं ताटं घेऊन ओळीनं बसलेली. वरण फरशीवर सांडलेलं. पहिली-दुसरीची पोरं हसली. चौथीच्या ओळीत माझी लेक होती. ती हसली नाही. ती ताटाकडं बघत बसली आणि त्या दिवशी शाळेत जेवली नाही.

मी त्या शाळेची स्वयंपाकीण. जिंतूर तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण मला तिथंच राहायचंय. सात वर्षं झाली, सकाळी किचन शेड उघडायचं, तांदूळ निवडायचे, डाळ शिजवायची, भांडी घासून कुलूप लावायचं. आम्ही बौद्ध. हे काम मला मिळालं तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली. पण तोंडावर कुणी बोललं नाही. तोंडावर बोललं तर कायदा लागतो, एवढं आता सगळ्यांना कळतं. म्हणून लोक दुसऱ्या हिकमती काढतात.

शाळेत एक चव रजिस्टर असतं. पोरांना वाढायच्या आधी एका गुरुजीनं आणि एका पालकानं अन्न चाखायचं, कसं झालंय ते लिहायचं, खाली सही करायची, असा नियम. पालक पाळीपाळीनं येतात. आमच्या वस्तीतले आले की चाखायचे, मीठ कमी आहे म्हणून भांडायचेसुद्धा. गावातले यायचे, रजिस्टर मागायचे, 'अन्न रुचकर व स्वच्छ आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहायचे आणि चपला घालून निघायचे. चमचा कोरडाच. सात वर्षं माझं अन्न जिभेला न लावता रुचकर ठरत होतं. आधी मला हसू यायचं. मग राग यायला लागला. मग तोही गिळायची सवय झाली.

आणि गेल्या वर्षी दिवाळीच्या पुढं हे सुरू झालं.

छातीत धडधड. बसल्या जागी. पातेलं घासता घासता वाटायचं, आता काहीतरी होणार. काय होणार ते कळायचं नाही. श्वास अर्ध्यात अडकायचा. शेडमध्ये जीव घुसमटायचा म्हणून बाहेर यायची, बाहेर आले की मैदान अंगावर यायचं, म्हणून परत आत पळायची. ऐन थंडीत मला घाम. तीन तीन भाकरी खायची आणि झंपर मात्र ढगळ होत चाललेलं. हातांना कापरं सुटलेलं, सुईत दोरा जाईना. लेकीनं जवळ येऊन काही विचारलं तरी मी तिच्यावर खेकसायची. मग रडायची. भीती कशाची, असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. कुत्रं मागं लागलं असतं तर दाखवता तरी आलं असतं.

एकदा परभणीच्या एसटीत बसले होते. बोरीच्या अलीकडं असं झालं, की आत्ता उतरले नाही तर मरेन. कंडक्टरला म्हटलं थांबवा. तो म्हणाला, "हितं कुटं ष्टॉप हाय?" मी दाराशी जाऊन उभी राहिले. शेवटी त्यानं वैतागून उतरवलं. बोरीपर्यंत उन्हात चालत आले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. कुठं चालले होते तेही आठवेना.

मग बाजाराच्या गावातल्या एका डॉक्टरकडं गेले. त्यानं आडनाव विचारलं. नाडीला हात लावला नाही. म्हणाला, "तुम्हा लोकांना कसलं टेन्शन? सगळं तर सरकार देतंय. नवरा बाहेरगावी असतो ना? मग होतं बायांना असं."

मी मान हलवली. या सगळ्या प्रकरणात कशाची लाज वाटत असेल तर त्याची. मी मान हलवली, हो म्हटलं आणि त्यानं दिलेल्या झोपेच्या गोळ्या पदरात बांधून आणल्या. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची. कापरं तसंच. आणि एक दिवस पोरांना वाढताना पळी हातात ठरली नाही.

त्याच दुपारी मला ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष खुर्चीत. मुख्याध्यापक बाजूच्या खुर्चीत, पेनाचं टोपण काढ-घाल करत. मी उभी.

अध्यक्ष म्हणाले, "दोन गोष्टी हायत. एक तर लिहून दे, का मी डोक्यानं बरी न्हाई म्हून काम सोडायले. न्हाई तर आमुशाला मरीआईला जा. तुमचीच देवी हाय ती. तुमी तिला पाण्यात टाकलं. मग ती कुटं जाईल? आली तुज्या अंगात."

हे नीट सांगायला पाहिजे. गावात रोगराई आली की मरीआईचा गाडा ओढून शिवेबाहेर नेऊन सोडायचा, हा जुना रिवाज. ओढायचा आमच्या घरानं. गावाचा आजार आमच्या खांद्यावर बसवायचा आणि बाहेर काढायचा. छप्पन सालानंतर माझ्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव पूर्णा नदीत सोडले आणि गाड्याला परत हात लावला नाही. त्यांना गावानं तेव्हा काय काय भोगायला लावलं ते सासू सांगते. पण ते परत फिरले नाहीत. तो राग गावानं इतकी वर्षं जपून ठेवला होता, हे मला त्या ऑफिसात कळलं.

ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याला फोन लावला. मागं कोयत्यांचा आवाज. तो म्हणाला, "ते म्हणतेत तसं कर. मी हितून काय करू?" खरंच काय करणार होता.

सासू रोज बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावते. तिच्याकडून तरी 'जाऊ नको' असं ऐकायला मिळेल म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं फोटोकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "जा माय. एकडाव जाऊन ये. काम गेलं तर पोरीला घिऊन तुला तोडीवर जावं लागंल. पोरीची शाळा जाईल." तिचा आवाज कापत होता. तिला माझ्यासारखा आजार नव्हता. तिचं कापणं वेगळं होतं.

मी गेले. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आजेसासऱ्यांनी जे सोडलं होतं त्याच्याकडं मी भर दुपारी, अंगावर पाणी ओतून घेऊन, ओल्या लुगड्यानं गावातून चालत गेले. मरीआईच्या देवळाच्या पायरीखाली बसवलं. भगतानं लिंबाच्या डहाळीनं पाठीवर मारायला सुरुवात केली. "कोण हाईस? बोल! काय पायजे तुला?" भोवती माणसंच माणसं. बाहेर पडायला जागा नाही. छातीतली धडधड कानात आली. बोटं आखडली, वाकडी झाली. श्वास वर येईना. मला वाटलं, मेले. इथंच, यांच्या समोर.

"आली! आली!" लोक ओरडले.

ज्यांनी सात वर्षांत माझ्या हातच्या वरणाचा थेंब जिभेला लावला नव्हता, ते हात जोडून पुढं झाले. एक बाई विचारत होती, "माय, आमच्या बोरला पाणी लागंल का?" एकानं पोराच्या लग्नाचं विचारलं. पाया पडत होते तेसुद्धा चार हात लांबून, जमिनीला हात लावून. माझ्या पायाला नाही. मला देवी मानायला गाव तयार होतं. आजारी बाई मानायला तयार नव्हतं.

घरी आणून टाकलं. वस्तीतली आशा वर्कर सुमनताई आली. तिनं काही विचारलं नाही. माझं मनगट धरलं आणि मोबाईलकडं बघत मोजत बसली. मग माझी हनुवटी वर करून गळ्याकडं बघितलं. म्हणाली, "वैनी, निजलेल्या माणसाच्या नाडीचे एकशेतीस ठोके पडायलेत. गळा बी फुगलाय. हे देवीबिवीचं काम न्हाई. उद्या परभणीला चला. मी येते संगं."

एसटीत ती माझ्या शेजारी बसली. बोरीच्या अलीकडं मी तिचा हात इतका आवळला की तिच्या बांगड्या रुतल्या. ती उतर म्हणाली नाही आणि उतरू नको म्हणूनही ओरडली नाही. नुसती बसून राहिली.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मला हात पुढं करायला सांगितलं, बोटांवर कागद ठेवला. कागद थरथरला. रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर समोर बसवून सांगितलं, "ताई, गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तुमची जरुरीपेक्षा जास्त काम करतेय. त्यामुळं शरीर बसल्या जागी पळत असतं. धडधड, घाम, कापरं, वजन उतरणं, एकदम घाबरून जाणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं."

मी विचारलं, "मंजे मी येडी न्हाई?"

ती म्हणाली, "नाही. आणि नुसता भीतीचा आजार असता, तरी तुम्ही वेड्या नसता. त्यालाही औषध असतं. गोळ्यांनी थायरॉईड ताळ्यावर आल्यावरही भीती उरली, तर मला सांगायचं. लाजायचं नाही."

मी तिथंच रडले. सुमनताईही रडली. परत येताना मात्र माझ्या डोक्यात डॉक्टरणीचं 'नुसता भीतीचा आजार असता, तरी' हे वाक्यच फिरत होतं. मी रिपोर्ट छातीशी धरून बसले होते. हा कागद दाखवला की सगळे गप्प बसतील, असा माझा हिशेब होता. आणि कागद नसता तर? माझं मनच बिघडलं असतं तर? मग डहाळीनं मारायचा हक्क यांना मिळाला असता का? मग बाजाराच्या गावातल्या त्या डॉक्टरनं म्हटलं ते खरं झालं असतं का? आजार गळ्यात असो नाही तर डोक्यात, मला पायरीखाली बसवणारे ते कोण? हे मला आधी का सुचलं नाही, याचाच मला त्या दिवशी जास्त संताप आला.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात कापरं कमी झालं, झंपर अंगाला बसायला लागलं. भीती लगेच गेली नाही, पण ती आता सारखी अंगावर बसून राहत नव्हती.

मी बरी दिसायला लागले तसं समितीनं परत बोलावलं. या वेळी पाच-सहा जण होते. अध्यक्ष खुशीत. म्हणाले, "पावली बग देवी. आता एवढं लिहून दे, का घरचा मान परत चालू करते. दर आखाडात गाडा तुमच्या घरानं वढायचा. मंग तुजं काम पक्कं."

कागद तयारच होता. मी दवाखान्याचा रिपोर्ट त्याच्या शेजारी ठेवला. अध्यक्षांनी बोटानं तो बाजूला सारला. "दवाखान्यात कुणालाबी देतेत आसले कागदं."

मुख्याध्यापकांनी माझ्यापुढं पेन धरलं. "करून टाका सही, बाई. वाद मिटेल."

तेव्हा छातीत परत सुरू झालं. तीच धडधड, तोच घाम. दार मागं होतं आणि दारात माणसं उभी होती. क्षणभर वाटलं, औषध फुकट गेलं. मग लक्षात आलं, ही ती भीती नाही. त्या भीतीला कारण दिसायचं नाही. हिचं कारण समोर खुर्चीवर बसलेलं होतं. काम जाईल, लेक शाळेतून तोडीवर जाईल, याची ती भीती होती. शहाण्या माणसाला वाटते तशी.

मी म्हणाले, "माज्या अंगात कुणी आलं न्हवतं. मला आजार होता. उद्या माजं डोस्कं जरी बिघडलं, तरी गाडा आमी वढणार न्हाई. मी सही करणार न्हाई. मला कामावरून काढायचं आसंल तर कामून काढायलाव ते तुमी लिहून द्या. तुमच्या सहीनं."

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. सुवाच्य अक्षर असलेल्या त्या सगळ्या माणसांपैकी एकानंही कागद पुढं ओढला नाही.

अजून त्यांनी काही लिहून दिलेलं नाही. काम राहील की जाईल, मला माहीत नाही. काहीतरी नवी हिकमत निघेल. मी तालुक्याच्या शिक्षण खात्याला अर्ज लिहिलाय. रजिस्टरमधल्या कोरड्या सह्या, पायरी, डहाळी, हा मान चालू करायचा कागद, सगळं लिहिलंय. कुणी काय केलं ते नावानिशी. माझं नाव पहिलं. सासूनं तो अर्ज मला दोनदा वाचायला लावला आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतःचा अंगठा उठवला. सोमवारी मी तो जिंतूरला घेऊन जाणार आहे.

छाती धडधडेल. एसटीत जीव घाबरेल. ऑफिसच्या दारात हात कापतील. कापू देत. मी कापत्या हातानं अर्ज देईन आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. माझी लेक शाळेत जाईल. आणि आमच्या घरातलं कुणीही, बरं असो की आजारी, त्या गाड्याला हात लावणार नाही.