सैल वीण

"तुझ्यासाठी येते ती, आणि तू तिचीच झडती घेतोस?"

"झडती कुठे घेतली? वहीत काय लिहितेस, एवढंच विचारलं."

ताईने परत समजावलं. कॉलेजच्या मुलांना दिव्यांग माणसांच्या मदतीला साठ तास द्यावे लागतात, त्याची नोंद ठेवावी लागते. वेतवाल्याला ते पटलं नाही. डोळे जाऊन बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात या चिंचोळ्या दुकानात त्याने शेकडो खुर्च्यांच्या बैठका वेताने विणल्या. कुणाच्या नोंदीवाचून त्याचं अडलं नव्हतं.

पोरगी तशी वाईट नव्हती. पहिल्या दिवशी तिने हात धरून त्याला त्याच्याच बाकड्यापर्यंत नेलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं, नाहीतर चुकलोच असतो." पुढे ती वेताच्या पट्ट्या भिजवायला शिकली, खुंट्या ठोकायला शिकली. पण त्याने विणायला घेतलं की तिचं पेन कुरकुरायचं, आणि त्याचे हात थांबले की पेनही थांबायचं. मनात पाल चुकचुकायची.

त्यात दोन महिने ताईचं एकच पालुपद, दुकान बंद कर नि माझ्याकडे राहायला ये. कालपासून तिला नवीनच कारण सापडलं होतं. त्याची वीण म्हणे सैल पडते. जिने जन्मात कधी बैठकीवर बोट दाबून पाहिलं नाही, तिच्या तोंडात हे शब्द आले कुठून?

पोरगी आली तशी त्याने तिला वही वाचायला सांगितली. तिने आढेवेढे घेतले. ताई स्टुलावर चुळबुळत होती. शेवटी पोरीने वाचलं, "वीण सैल राहते. बोटांना जोर उरलेला नाही."

त्याने एक खुर्ची पुढे ओढली. सोमवारी तिच्यासमोरच विणलेली. "वाजव."

तिने टिचकी मारली. बैठक ढोलकीसारखी टणकन वाजली.

मग त्याने सांगितलं की ओला वेत सैलच विणायचा असतो. सुकताना तो आपोआप ताठतो. ओला असतानाच करकचून ओढला, तर सुकल्यावर तटातट तुटतो.

"मी खोडते ते, काका."

"खोड सावकाश. बोटांचा जोर बघायला कॉलेजने सांगितलं होतं?"

पोरगी अडखळली. "ताईंनी. तुम्हाला जमत नाही ते लिहून दे म्हणाल्या. दुकान बघायला माणसं यायच्या आत हवं होतं. मला वाटलं, तुम्हीच ठरवलंय विकायचं."

त्याने ओल्या पट्टीवरचा हात उचलला आणि स्टुलाकडे तोंड वळवलं.

"ताई, कोण येतंय दुकान बघायला?"

स्टूल सरकलं. दाराशी एक चप्पल पायात गेली, दुसरी जरा अडली, आणि मग दोन्ही भराभर पायऱ्या उतरून गेल्या.