आधी वास, मग श्वास

ज्याने आम्हाला श्वास घ्यायला शिकवलं, तो माणूस गुदमरून गेला.

भास्करदादा. मूळचा मुरब्याचा, कोळ्याच्या घरातला. बोईसरला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. केमिकल कारखान्यात ऑपरेटर. माझा नवराही तिथेच.

सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून दादा आमचं ध्यान घ्यायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा मी विचारलं, "दादा, योगा मॅट आणू का?"

"नाक आनलंय ना? मंग झालं."

पाठ ताठ, खांदे सैल. श्वास हळू आत, त्याहून हळू बाहेर. मन पळालं तर पळू दे, परत बोलाव, त्याच्यावर डाफरू नको. एवढाच काय तो कोर्स.

पण "मोठा श्वास घ्या" म्हटलं की आम्ही सगळे आधी दोनदा हुंगायचो! इथली सवयच ती. आज हवेत काय सोडलंय ते कळल्याशिवाय छाती कोण भरेल?

दादा पोट धरून हसायचा. "बोयसरची मान्सं! आदी वास, मंग श्वास!"

गेल्या आठवड्यात कारखान्यातला सफाई कामगार रामजी टाकी साफ करायला उतरला आणि आतच कोसळला. वरून कोणीतरी ओरडलं, "दादा, रामजी गिर गया!"

दादा हुंगायला थांबला नाही.

छाती भरून घेतली आणि उतरला. मास्क नव्हता. मास्कच्या कपाटाला कुलूप होतं. माझ्या नवऱ्याने ते ओढून पाहिलं, निघालं नाही.

दादाने रामजीला खालून वर ढकललं. रामजी वाचला.

दादाचा श्वास तेवढाच पुरला.

आज कारखान्याने आमच्याच हॉलमध्ये 'आत्म्याच्या शांतीसाठी सामूहिक ध्यान' ठेवलं. फ्लेक्स, हार, माईक. मॅनेजर साहेब म्हणाले, "डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. मन शांत करा."

डोकंच फिरलं माझं. तरी मिटले डोळे. नवऱ्याची नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत. मी त्याचा हात घट्ट धरून बसले.

तेवढ्यात पुढून आवाज आला. सुमनवहिनी, दादाची बायको.

"साहेब, कपाटाला कुलूप कोनी लावलं व्हतं?"

"ताई, असं काही कुलूप नव्हतं. आणि आज तो विषय नको. आज फक्त शांती."

वहिनी आमच्याकडे वळल्या. "तुमी पन शांतच बसनार?"

लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा हात सोडला.

तो उठला. "साहेब, कुलूप होतं. मी ओढून पाहिलंय."

संध्याकाळी त्याला फोन आला. उद्यापासून कामावर येऊ नको म्हणे.

दादा, सगळे 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितायत. मी नाही लिहिणार.

कुलूप कोणी लावलं ते आधी कळू दे.