दमलात की सांगा

"हळू! अहो भाऊ, हळू चाला!" धुळ्याच्या दवाखान्यातल्या व्हरांड्यात मी ओरडत होतो आणि भाऊ शर्यतीतल्या घोड्यासारखे चालले होते. बाकांवरचे पेशंट आपापली दुखणी विसरून बघत होते. आणि आम्ही जळगावहून पहाटेच्या एस.टी.ने आलो होतो ते कशाला, तर भाऊंना चालवत नाही असं लिहून घ्यायला.

भाऊ आमच्या गल्लीचे मीटर रीडर. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे त्यांची हाक पहिली माझ्या कानात. "मीटर शे का घरमा?" ही हाक जळगावात दिली की नशिराबादचे कोंबडे आरवायचे. खोटं वाटत असेल तर तिथे जाऊन विचारा. चालणंही तसंच. आम्ही चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत भाऊ गल्ली संपवून परत येत आणि आमचाच चहा पीत.

मग एका वैशाखात भर दुपारी ते माझ्या दुकानासमोर झोकांड्या खायला लागले. "आज लवकरच घेतली वाटतं," समोरची अक्का म्हणाली. त्या माणसाने आयुष्यात ताकसुद्धा जपून प्यालं होतं. सकाळी ताठ, ऊन चढलं की पाय दुसऱ्याचे. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. "नाव घेईपर्यंतच दम लागतो, शेठ," भाऊ म्हणाले. दोन पाने आणि एक पकड एवढ्या इस्टेटीवर ते मला शेठ म्हणत. आजार मात्र त्यांनी मला झटक्यात समजावला. "वायरवरचं प्लॅस्टिक झिजलं. बटण चालू शे, पायमा करंट नही."

गल्लीने उपाय काढला. भाऊंनी माझ्या पायरीवर बसून हाक द्यायची आणि घराघरांतून बायांनी मीटरचे आकडे ओरडायचे. आता आकडा आपल्याच तोंडाने सांगायचा म्हटल्यावर कोण पुरता सांगेल? थोड्याच दिवसांत आमची गल्ली कागदावर इतकी अंधारी झाली, की भाऊंचे साहेब स्वतः बघायला आले, इथे माणसं राहतात की घुबडं.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "चालवत नाही असं धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातून लिहून आणा, ऑफिसात टेबलावर बसवतो. नाहीतर गल्ली पायीच करावी लागेल. आणि नाही झाली, तर माझ्या हातात काही नाही."

धुळ्याला थंडीचे दिवस, सकाळची वेळ, फरशी बर्फासारखी. भाऊ एस.टी.त झोप काढून ताजेतवाने. "न थांबता चालत राहा. दमलात की सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं घड्याळ सुरू केलं. भाऊ निघाले ते निघालेच. मी ओरडलो, खुणा केल्या, शेवटी स्वतः लंगडून दाखवलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. तुमचा नंबर नंतर."

घड्याळ बाईंनाच बंद करावं लागलं. चालणं उत्तम, असं त्यांनी लिहिलं.

सही-शिक्क्यात दुपार झाली. फाटकापाशी पोचलो आणि भाऊंचे पाय गेले. निंबाखाली मातीत बसले. "शेठ, बठ्ठा करंट गया," म्हणाले आणि हसले. मी आत धावलो. बाई वॉर्डात होत्या. विनवण्या करून त्यांना फाटकापर्यंत आणेस्तोवर तासभर गेला. तेवढ्या विश्रांतीने भाऊंच्या पायांत जीव आला होता. ते उठून उभे राहिले, वर नमस्कारही केला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्या परत गेल्या.

पुढच्या वैशाखात भाऊ गल्लीच्या मधोमध पडले. आम्ही चौघांनी त्यांना उचलून आणलं. त्यानंतर नोकरी टिकली नाही. बिऱ्हाड हलवून ते जामनेरला भावाकडे गेले. आता आमच्याकडे नवा रीडर येतो. कडी वाजवतो, आकडा घेतो, जातो. नशिराबादचे कोंबडे निवांत झोपतात.

जामनेरला त्यांना भेटायला गेलो. भाऊ पंख्याखाली खाटेवर पडून होते. मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, बाईंना एकदा दमलो म्हणाला असतात, तर आज टेबलावर बसला असतात."

ते माझ्याकडे कुशीवर वळले.

"त्यांनी विचारलं तेव्हा दमलो नव्हतो."