चढाखालचं गाऱ्हाणं

वेंगुर्ल्यात थंडी पडली की आमचा सायकल गट जागा होतो. सगळे माकडटोप्या घालून शिरोड्याच्या रस्त्याला लागतो आणि ऊन चढलं की घामाघूम होऊन परततो. गेल्या हिवाळ्यात वाटेत एक काका आमच्यात येऊन मिसळले. माकडटोपीमुळे त्यांचा चेहरा कधी नीट दिसला नाही आणि नाव कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे चढाखाली एखादं देऊळ असतंच. काका तिथे उतरत आणि हात जोडून गाऱ्हाणं घालत, "बा देवा म्हाराजा, थंडीत भायर पडलेल्या ह्या लेकरांच्या पायात बळ दी रे म्हाराजा!" आम्ही थांबून "व्हय म्हाराजा!" म्हणायचो. चढ जितका मोठा, तितकं गाऱ्हाणं लांब.

आमचे म्होरके बँकेतले साहेब. त्यांचा जीव मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या वेगात. एकदा ते वैतागले, "काका, किती वेळा थांबायचं?"

"माका दम लागलो म्हणान सांगलंय तर कोण थांबतलो?" काका शांतपणे म्हणाले. "देवाक टाकून कोण जाणा नाय."

साहेब ओशाळले. यापुढे ज्याला दम लागेल त्याने सरळ सांगावं, सगळे थांबतील, असं त्यांनी जाहीर केलं.

पुढच्या चढाला काका देवळाशी न उतरता आमच्याबरोबर पायडल मारू लागले. सगळ्यांच्या छातीचे भाते सुरू झाले. थांबायला प्रत्येकाला हवं होतं, पण दमलो म्हणायला कोणी तयार नव्हतं. अर्ध्यावर साहेबांनीच पाय टेकला आणि धापा टाकत विचारलं, "काकानू, आज देवाक काय सांगूचा नाय?"